मोटारीचा उंबरा

हैबती उतेकर आपली मोटार विकणार आहेत, ही बातमी मला पुण्यात दत्तोपंतांच्या गॅरेजमध्ये कळली. दत्तोपंतांचा धंदा जुन्या लष्करी गाड्यांचा. लढाई संपल्यावर सरकारने लिलावात काढलेल्या जीपा आणि मालट्रक कुठे कुणाच्या मळ्यात, कुठे दगडाच्या खाणीवर गंजत पडलेले असत. ते शोधून आणायचे, चालते करायचे आणि कंत्राटदारांना विकायचे.

"तुमच्या पोलादपुराकडे एक रुग्णवाहिका आहे म्हणतात. अमेरिकन, चारही चाकांना जोर असलेली," ते म्हणाले. "मालकाने विकायची असं कळवलंय, पण पत्रात धड काही लिहीत नाही. तुम्ही ओळखत असाल."

मी ओळखत होतो. पोलादपूरच्या वर, सावित्रीच्या काठाला आमची वाडी आहे आणि हैबतीआबांचे घर आमच्या घरापासून चौथे. त्या मोटारीला उंबरा आहे, हे मात्र मी दत्तोपंतांना सांगितले नाही. एका वाक्यात सांगून समजावे असे ते नव्हते.

हैबतीआबा नऊ वर्षे फौजेत होते. लढाईत त्यांनी जखमींची गाडी चालवली. कुठल्या मुलुखात, किती माणसे वाहिली, यातले ते कधी फारसे बोलले नाहीत. सेहेचाळीस साली परत आले ते भातशेतीला लागले. त्रेपन्न साली पुण्याकडच्या एका डेपोत जुन्या गाड्यांचा लिलाव आहे असे ऐकून ते गेले आणि आपण चालवायचो तसलीच गाडी घेऊन आले. वाडीपर्यंत तेव्हा रस्ता नव्हता. नदीच्या कोरड्या पात्रातून, दगडगोट्यांवरून ती हेलकावत आली आणि देवळाजवळच्या आंब्याखाली उभी राहिली. बाजूवरची तांबडी फुली त्यांनी हिरव्या रंगाखाली झाकली, तरी उन्हात तिच्या कडा उठून दिसत.

गाडी कशासाठी घेतली, हे सगळ्या वाडीला ठाऊक होते. त्यांची बायको गोदूबाई, आमची गोदूकाकी, जन्मापासून सावित्रीच्या काठाला राहिलेली. माहेर तुडीलचे, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचे. लग्न होऊन ती वर आली, एवढाच तिचा प्रवास. धुणे घेऊन नदीवर गेली की ती कधीतरी म्हणे, "ही येते तरी कुठनं, ते एकदा बघायचा हाय." सावित्री उगवते ती वर महाबळेश्वरला, क्षेत्रात. पोलादपुराहून घाट चढून जेमतेम पंचवीस मैल. परंतु काकीला एस.टी. सोसत नसे. दुसऱ्या मैलालाच तिला उलट्या सुरू होत. या गाडीत आडवे पडून जाता येत होते.

"आडवी पडून गेले तर दिसायचा काय मला? टप?" काकी म्हणाली होती.

"खिडकी हाय की बाजूला. उशाशी."

"मंग पडदा लावा. रस्त्यानं लोक बघतील, म्हनतील कोन मेलं."

पडदे तिनेच शिवले, जुन्या हिरव्या लुगड्याचे. आबांनी जखमींना निजवायच्या आतल्या चार फळ्यांपैकी वरच्या दोन काढून खालच्या दोनच ठेवल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना निजायला जागा आणि मध्ये चालायला वाट झाली. मागच्या कोपऱ्यात पत्रा ठोकून त्यावर मातीची चूल बसवली. पाण्याचे पिंप, तांदळाचा डबा, कंदील टांगायला आकडा. गाव त्या गाडीला हैबतीचा डबा म्हणू लागले.

काकीला एकटीने जायचे नव्हते. "पोरं, सून, नातवंडं समदी असली तर मजा. आपुन दोघंच काय बघायचा?" असे तिचे म्हणणे. मुलगा एकच, सयाजी. तो मुंबईला गिरणीत. बायको बयाबाई आणि तीन मुलांसह लालबागला राहायचा. त्याला रजा दोनदा मिळे, गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीच्या पावसात घाटात दरडी कोसळतात. राहिला शिमगा.

आणि शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते. पाच दिवस ती वाडीत फिरते. कुणाच्या अंगणात ती किती वेळ नाचेल याला काही नेम नसतो, म्हणून आपल्या दारी ती कोणत्या दिवशी पोचेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. दार मात्र उघडे पाहिजे. घरच्या थोरल्या बाईने उंबऱ्याच्या आत उभे राहून देवीची ओटी भरली पाहिजे. दार बंद दिसले तर पालखी थांबत नाही, आणि ज्या घरावरून पालखी न थांबता गेली त्या घराचे नाव पुढे बरीच वर्षे निघते.

पंचावन्नच्या शिमग्यात सयाजी सहा दिवसांची रजा काढून आला. पहिले तीन दिवस सगळ्यांनी पालखीची वाट पाहिली. ती अलीकडच्या आळीतच रमली होती. चौथ्या दिवशी पहाटे काकी म्हणाली, "तुमी जावा. पोरांनी किती दिस त्या डब्याभवती फेऱ्या घालायच्या? मी हाय दारात. पुढल्या साली माझा नंबर."

गाडी गेली. मी तेव्हा कॉलेजातून सुटीवर आलो होतो. काकी देवळाच्या वळणापर्यंत मागोमाग चालत आली होती आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर पडद्यांचे तिने काय बघितले असेल नसेल, मला एवढेच म्हणाली, "डावीकडचा आखूड झाला."

दोन रात्री ते क्षेत्रात आणि वाईला राहिले. भात गाडीतच शिजवला. मुलांनी फळ्यांवर कोण निजणार म्हणून भांडणे केली. परतताना आबांनी क्षेत्रातल्या देवळात, पाच नद्यांच्या धारांपैकी सावित्रीच्या धारेखाली बाटली धरून पाणी आणले. काकीने ते उन्हात धरून पाहिले.

"हेच पानी आपल्या घाटावर येतंय की. येवढ्या लांब जाऊन बाटलीत कशाला आनलंत?"

तरी ती बाटली तिने देव्हाऱ्यात ठेवली. पुढल्या वर्षी पालखी पाचव्या दिवशी आली आणि सहाव्या दिवशी सयाजीला कामावर हजर व्हायचे होते. काकीचा नंबर लागला नाही.

तेव्हा आबांनी गावकीत विषय काढला. देवळात बैठक होती. मालोजी हे पालखीचे मानकरी, आणि देवीचा गुरव कुशाबा.

"पालखी आमच्या दारी पयल्या दिवशी आली तर कुनाची हरकत?" आबांनी विचारले.

"देवीला यष्टी समजलास काय रे हैबती, टायमावर यायला?" कुशाबा म्हणाला. लोक हसले.

आबा हसले नाहीत. फौजेत त्यांना एक सवय लागली होती. समोरची वाट बंद असली की गाडी पात्रात घालायची. ते म्हणाले, "माझी मोटार देवळाच्या दाराशीच उभी असते. पालखी उठली की पयलं दार तिचंच. तिथं आमी दोघांनी मान दिला तर?"

"मोटार म्हंजे घर हाय काय?"

"निजायला जागा हाय. चूल हाय. तिच्यावर भात शिजवून वाईला खाल्लाय."

"आन् उंबरा?" कुशाबा म्हणाला. "देवी उंबऱ्याशी थांबते बाबा. चाकाशी थांबल्याली मी अजून बघितली नाय."

"बसवतो उंबरा."

बैठकीत पुन्हा हशा झाला, पण मालोजी विचारात पडले. आमच्याकडे गावकी घरे मोजत नाही, चुली मोजते. भाऊ वेगळे झाले, दुसरी चूल पेटली, की त्या चुलीला पालखीचा वेगळा मान. एकाच घराच्या दोन खोल्यांपुढे पालखी दोनदा थांबलेली सर्वांनी पाहिली होती. मोटारीविरुद्ध कुणाला नियम सापडेना.

"मंग सयाजीपासनं वायला झालास म्हन की," मालोजी म्हणाले. "जुनं घर त्याच्या चुलीचं. तिथली ओटी सून भरेल. मोटार तुझ्या चुलीची."

"नावापुरता," आबा म्हणाले.

"देवीपुढं सांगितलंस तर ते नावापुरतं ऱ्हानार नाय. बघ बाबा."

आबांनी देवीपुढे नारळ ठेवला. फणसाच्या जुन्या लाकडाचा उंबरा सुताराकडून करून घेतला, मागच्या दाराच्या तळाशी चार मोठ्या स्क्रूंनी घट्ट बसवला. त्यावर काकीने हळदकुंकू लावले. तीस वर्षे ती ज्या उंबऱ्याच्या आत उभी राहून ओटी भरत आली होती, तो आता सुनेचा झाला होता. गाडीत चढउतार करताना ती या नव्या उंबऱ्यावर पाय न देता ओलांडून जायची, घरात जात असे तशी.

सत्तावन्नच्या शिमग्यात गाडी धुऊन, पडदे लावून आंब्याखाली सज्ज होती. पिंप भरलेले, तांदूळ, डाळ, मुलांसाठी लाडू. पहिल्या सकाळी काकी नवे लुगडे नेसून मागच्या दारात ताट घेऊन उभी राहिली. मुले आत आपापल्या जागा धरून बसली होती; या खेपेला सून मागे, जुन्या घराच्या दारात थांबणार होती. ढोल वाजले, पालखी उठली आणि गाडीसमोरून सरळ मालोजींच्या अंगणात गेली.

आबा पालखीमागे धावले. मालोजींनी त्यांना बाजूला घेतले.

"हैबती, नवी चूल शेवटी. कालपरवा वायला झालेल्यानं आमच्या आधी मान घ्यायचा?"

"हे कुनी सांगितलं नाय मला."

"सांगायचं काय त्यात? कुनाला म्हाईत नाय?"

सगळ्यांना माहीत होते. ज्या नऊ वर्षांत वाडीतले भाऊ वेगळे झाले, नव्या चुली मागे लागत गेल्या, ती नऊ वर्षे आबा दुसऱ्याच मुलुखात रस्ते शिकत होते. आता त्यांच्या गाडीचा नंबर पाचव्या दिवशी, सर्वांत शेवटी होता. आणि पालखी येईपर्यंत ते दारही उघडे, जागच्या जागी हवे होते. ज्या गाडीने काकीला न्यायचे, ती गाडीच आता शिमग्यात वाडी सोडू शकत नव्हती.

मुलांना कुणीतरी गाडीतून खाली उतरवले.

त्याच दुपारी सयाजीला गावकीतला सगळा प्रकार दुसऱ्यांकडून कळला. तो आबांपुढे आला तेव्हा रागावलेला दिसत नव्हता.

"आबा, वायलं व्हायचं होतं तर मला लेटर टाकायचं होतंत."

"तुझ्या आयशीला वर न्यायची होती."

"मग न्यायची. आम्ही कधी ना बोललो?"

ज्याला समजवावे लागते त्याला समजावून काय उपयोग, असा आबांचा स्वभाव होता. या स्वभावाने त्यांचे नुकसान केले असे मला वाटते, परंतु त्यांना मी ते कधी बोलून दाखवले नाही. पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, खांदेकरी दमल्यावर पालखी गाडीपाशी आली. कुशाबाने उंबऱ्याला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. काकीने ओटी भरली. सयाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पुढच्या शिमग्याला तो दोनच दिवसांसाठी आला, आणि त्याच्या पुढच्या शिमग्याला आलाच नाही. त्याच्या वाटेचे जुने घर उघडे होते, काकीने ते झाडून सारवून ठेवले होते. परंतु तिथे मान द्यायला त्या चुलीचे माणूस नव्हते. मानकऱ्यांनी रस्त्यावरूनच देवीला नारळ दाखवला आणि पालखी पुढे गेली. काकी त्या वेळी चाळीस पावलांवर मोटारीच्या दारात उभी होती. तिने ते पाहिले.

मग दोघे शिमग्यावेगळ्या दिवसांत का गेले नाहीत, असे कुणीही विचारील. आबा तिला पुष्कळदा म्हणत, "चल गो, उद्याच निघू." ती म्हणे, "म्हस इयाला झालीय." म्हैस व्याली की म्हणे, "पोरांना येऊ द्या." पोरांची वाट पाहण्यात ती इतकी मुरली होती की तिला ते कामच वाटत असावे.

एकसष्टच्या पावसाळ्यात काकी आजारी पडली. तीन दिवस ताप उतरेना, तेव्हा आबांनी तिला उचलून डावीकडच्या फळीवर निजवले आणि गाडी चालू केली. ओढे भरले होते. चारही चाकांना जोर लावून त्यांनी गाडी पाण्यातून काढली. पोलादपूरला डांबरी सडक लागली. उजवीकडे वळले तर घाट होता. ते डावीकडे, महाडच्या दवाखान्याकडे वळले. नदी त्यांच्याबरोबर खाली चालली होती.

"चढन लागली नाय अजून?" काकीने मागून विचारले.

"लागंल आता."

"पडदा सारा जरा."

गाडी थांबवून त्यांनी पडदा सारला. बाहेर पावसात काहीच दिसत नव्हते. हे त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितले, तेही एवढेच.

महाडला तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच गाडीतून त्यांनी तिला परत वर आणली.

त्रेसष्टच्या शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी दत्तोपंतांना घेऊन वाडीत पोचलो. आबा दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून गाडीजवळ उभे होते. दत्तोपंतांनी झाकण उघडले, खाली वाकून धुरा पाहिल्या, बाजूच्या पत्र्यावर बोटे वाजवली. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढून पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडून कौतुक सुटले.

"वा! अहो, इतकी निगा मी मिलिटरीतसुद्धा पाहिली नाही. विकता कशाला?"

"चालवनारा पायजे तिला. उभी ऱ्हाऊन खराब होते."

"ही मागच्या दाराच्या तळाची फळी कसली? माल चढवताना अडेल. काढावी लागेल."

"ती मी काढीन. ती विकायची नाय."

व्यवहार लगेच ठरला. आबांनी दोन अटी घातल्या. पालखी येऊन गेल्यावर गाडी न्यायची, आणि घाट त्यांनी स्वतः चढवायचा, क्षेत्रापर्यंत. दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पुण्याला जायची वाट तीच आहे." त्यांनी मान्य केले.

शिमग्याच्या सहाव्या दिवशी सकाळी दत्तोपंत परत आले आणि आम्ही निघालो. दत्तोपंत पुढे आबांशेजारी बसले. मी मागे उजव्या फळीवर. डाव्या फळीवर एक गोधडी घडी करून ठेवली होती, उशाच्या बाजूला. त्या बाजूचा पडदा, आखूड झालेला, पूर्ण सारलेला होता. घाटात दरी बहुतेक त्याच अंगाला राहिली. खाली सावित्री कधी दिसे, कधी झाडीत बुडे. आबा इतकी हळू गाडी चालवत होते की एका वळणावर दत्तोपंत म्हणाले, "तिसऱ्यात टाका की. इंजिन ओढील."

"घाई नाय," आबा म्हणाले. "वळनावर आतल्या मानसाला लागतं."

दत्तोपंतांनी मागे वळून माझी चौकशी केली. मी ठीक आहे असे सांगितले.

क्षेत्रात गर्दी नव्हती. देवळात पाच नद्यांच्या पाच धारा आहेत. पुजाऱ्याला आबांनी विचारले, "सावित्री कंची?" त्यांना ती ठाऊक होती, आठ वर्षांपूर्वी त्यांनीच तिच्यातून बाटली भरली होती. पुजाऱ्याने बोट दाखवले. करंगळीएवढी धार होती. आबा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी दोन पावले मागे होतो.

"लय बारीक हाय गो," ते म्हणाले.

मग ते बाहेर आले, हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढला आणि मागच्या दाराशी बसून चार स्क्रू काढले. लाकूड पत्र्याला चिकटले होते, ते हलवून सुटे केले. पडद्यांविषयी दत्तोपंतांनी विचारले, तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गाडीचेच हायत." गोधडी मात्र त्यांनी काखेत घेतली. किल्ली देऊन झाल्यावर दत्तोपंत मला म्हणाले की आता वाईपर्यंत तुम्हीच पुढे बसा. मी बसलो. मागे पाहिले तेव्हा आबा एस.टी.च्या थांब्यावर, उंबरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते.

चौसष्टच्या शिमग्याला मी घरी गेलो. पाचव्या दिवशी दिवेलागणीला पालखी आमच्या दारावरून उठली आणि ढोल देवळाकडे वळले. सगळ्या चुली झाल्या, असे मला वाटले. तेवढ्यात मालोजींनी हात वर करून खांदेकऱ्यांना थांबवले. "एक ऱ्हायली."

आंब्याखाली जिथे मोटार उभी असे, तिथे चाकांच्या जागी दोन खळगे अजून होते. त्यांच्या मागे, दोन दगडांवर, तो फणसाचा उंबरा ठेवला होता. हळदकुंकू लावलेले होते. बाजूला तीन दगडांची चूल पेटवलेली. उंबऱ्याच्या पलीकडे हैबतीआबा हातात नारळ घेऊन उभे होते. त्यांच्या मागे मोकळे रान होते.

कुणी हसले नाही. कुशाबाने पालखीच्या दांड्याला हात लावला आणि ती खाली घेतली. ओटी भरायला कुणी नव्हते, म्हणून त्यानेच ताट पुढे केले. आबांनी नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि पालखी उठेपर्यंत उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.